पीव्हीसी पाइप थकव्याने केव्हा फुटेल, याचा अंदाज कसा बांधावा

रावेर-यावलच्या केळीबागांत विहिरीपासून ठिबकपर्यंत गेलेला पीव्हीसी पाइप योग्य दाबवर्गाचा असूनही काही वर्षांनी फुटतो, कारण मोटार चालू-बंद होताना दाब वारंवार वर-खाली होतो आणि एखाद्या ओरखड्यातून निघालेली भेग दर धक्क्याला थोडी पुढे सरकते; यालाच थकवा म्हणतात.

अंदाजासाठी प्रथम दाबाची नोंद घ्यावी. साध्या गेजच्या काट्याला हे धक्के टिपता येत नाहीत, म्हणून सेन्सर आणि डेटा लॉगर वापरावा. बाहेरच्या व्यासातून भिंतीची जाडी वजा करून आलेल्या उत्तराला दाबातील फरकाने गुणावे व जाडीच्या दुपटीने भागावे, म्हणजे भिंतीतील ताणाचा फरक मिळतो. ९० मिमी व्यास, ३ मिमी जाडी आणि ०.६ मेगापास्कल फरक असेल, तर तो ८.७ मेगापास्कल येतो.

त्या ताणाला पाइप किती चक्रे टिकतो, हे त्याच पदार्थाच्या चाचणी-आलेखावरून पाहावे. समजा मोठ्या धक्क्याला १ लाख चक्रे आणि त्यामागून येणाऱ्या लहान लाटांना २० लाख चक्रे मिळाली. वीज रोज सहा वेळा गेली, तर वर्षाला २,१९० मोठे धक्के होतात. दर वेळी २० लहान लाटा धरल्यास त्या ४३,८०० होतात. झालेली चक्रे टिकाऊ चक्रांनी भागून बेरीज करण्याच्या माइनरच्या नियमाने वार्षिक झीज ०.०४३८ येते, म्हणजे आयुष्य सुमारे २३ वर्षे. लहान लाटा सोडल्या असत्या, तर ते ४६ वर्षे दिसले असते!

हा नियम धक्क्यांचा क्रम पाहत नाही आणि चाचणीतले निकालही विखुरलेले असतात. म्हणून आलेखाची सरासरी रेषा न घेता खालची घ्यावी. आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपांच्या भारतीय मानकातील दाबवर्ग २७ अंश सेल्सिअससाठी आहेत, तर खान्देशात मे महिन्यात हवाच ४५ अंशांपर्यंत जाते आणि उघड्यावरचा पाइप त्याहून तापतो, त्यामुळे आलेखही त्या तापमानाचा हवा. चाचणी फार वेगाने केल्यास प्लास्टिक आतून तापते व निकाल फसवा ठरतो. एल्बो आणि टी यांच्या कोपऱ्यांत ताण साचतो, तेव्हा त्यांचा हिशोब वेगळा करावा.

आयुष्य कमी निघाल्यास जाड पाइप घेण्याआधी ऑटो स्टार्टर तपासावा. वीज येताच तो मोटार लावत असेल, तर लाइनमधील पाणी स्थिरावेपर्यंत विलंब ठेवून दाबाची नोंद पुन्हा घ्यावी.