भाजीपाल्याची स्पर्धाक्षमता कशी मोजावी

पुण्यात कृषी-अर्थशास्त्राचा प्रकल्प करणारे विद्यार्थी ‘जागतिक व्यापारात भारतीय भाजीपाल्याची स्पर्धाक्षमता’ हा विषय हौसेने घेतात आणि थेट सूत्राकडे वळतात. सूत्र शाळकरी गणिताचे आहे. घाम निघतो तो त्यात कोणते आकडे घालायचे हे ठरवताना.

आकडे संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’ माहितीसाठ्यातून घ्यावेत. आंतरराष्ट्रीय वस्तुवर्गीकरणाच्या ७व्या प्रकरणात भाज्या येतात : ०७०१ बटाटा, ०७०२ टोमॅटो, ०७०३ कांदा-लसूण. मात्र याच प्रकरणात ०७१३ खाली सुकी कडधान्येही बसवली आहेत. तूर, मसूर, वाटाणा आपण मोठ्या प्रमाणावर आयात करतो. त्यामुळे ०७१३ वगळायचे राहिले, तर आमटीच्या डाळीचा तोटा भाजीच्या खात्यावर चढतो आणि सगळा निष्कर्षच फिरतो. लोणच्यासारखे टिकवलेले घेर्किन (छोट्या काकड्या) आणि इतर काही प्रक्रिया केलेल्या भाज्या २०व्या प्रकरणात असतात. त्या धरणार की नाही, हे आरंभीच लिहून ठेवावे.

त्यानंतर अर्थतज्ज्ञ बेला बालासा यांनी १९६५ मध्ये मांडलेला तुलनात्मक लाभाचा निर्देशांक काढावा. समजा, देशाच्या एकूण निर्यातीत कांद्याचा वाटा ०.४ टक्के आणि जगाच्या निर्यातीत ०.१ टक्का असेल, तर भागाकार ४ येतो. १ पेक्षा अधिक म्हणजे लाभ. हा निर्देशांक आयातीकडे पाहत नाही, म्हणून निर्यात-आयातीच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून दुसरा आकडा काढावा. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान राहतो.

एका वर्षावर विसंबू नये, कारण कांद्याच्या आलेखातली खोल दरी अनेकदा दिल्लीतल्या अधिसूचनेने पडलेली असते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली तरी टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी. या तारखा आलेखावरच नोंदवाव्यात, अन्यथा धोरणाचा दोष शेतकऱ्याच्या माथी येतो.

शेवटी दर पडताळावा. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याची गोणी ओतली की गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी पडते आणि एकसारखा, मध्यम, कोरडा माल बाजूला निघतो. त्या निवडक मालाचा भाव टनावर आणून त्यात प्रतवारी, गोणी, न्हावा-शेव्यापर्यंतचे भाडे आणि बंदरखर्च मिळवावा, आणि ही बेरीज निर्यातमूल्याला वजनाने भागून येणाऱ्या दराशी ताडून पाहावी. भारताचे निर्यातमूल्य जहाजावर माल चढेपर्यंतचेच धरलेले असते, त्यामुळे समुद्रभाडे मिळवू नये. महिना मात्र दोन्हीकडे एकच असावा. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा आणि डिसेंबरचा ओलसर लाल कांदा यांचा भाव एका रांगेत मांडता येत नाही.