सेंताई मालिकेचे मध्यावरचे परीक्षण कसे लिहावे

तोएई या जपानी निर्मिती कंपनीच्या ‘सुपर सेंताई’ या दूरचित्रवाणी मालिकांच्या परंपरेची सुरुवात १९७५ साली ‘गोरेंजर’ या मालिकेने झाली. पुढे रुळलेल्या रिवाजानुसार रंगीत पोशाखातील योद्ध्यांच्या एका चमूची कथा रविवार सकाळच्या साप्ताहिक भागांतून सुमारे वर्षभर चालत असे आणि पन्नासच्या आसपास भागांनंतर तिची जागा नवा चमू घेत असे. आपल्याकडे बहुतेकांची या जगाशी ओळख हिंदीत डब झालेल्या ‘पॉवर रेंजर्स’मुळे झाली. त्या अमेरिकी मालिकेने १९९३ साली आपली बरीचशी लढाईची दृश्ये ‘ज्यूरेंजर’ या १९९२ च्या सेंताईमधून उचलली होती. तिथून मूळ जपानी मालिकांकडे वळलेल्या आणि एखाद्या मालिकेविषयी अर्ध्या वाटेवर काही नेमके लिहू पाहणाऱ्या रसिकासाठी ही मांडणी आहे.

परीक्षणासाठी चोविसावा ते सत्ताविसावा भाग हा टप्पा योग्य ठरतो. दहाव्या भागापर्यंत प्रत्येक योद्ध्याची ओळख करून देण्याचेच काम चालू असते, त्यामुळे तेव्हा दिलेला निकाल हा बहुधा पोशाखांवर आणि शीर्षकगीतावर दिलेला असतो. मध्यापर्यंत मात्र सहावा योद्धा, म्हणजे मूळ चमूत मागाहून भर पडणारा, बहुतेक वेळा दाखल होऊन स्थिरावलेला असतो, आणि लेखकाला पात्रांचे पुढे काय करायचे आहे याचा अंदाज येऊ लागतो.

लिहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: या मालिकांच्या कथानकावर खेळण्यांच्या वेळापत्रकाचा अंमल असतो. बान्दाई या खेळणी कंपनीची नवी शस्त्रे, नवे यंत्रमानव आणि सहाव्या योद्ध्याचे आगमन हे सारे बाजाराचे गणित पाहून ठरते, आणि लेखकाला ते पंगतीत न विचारता पानात पडलेल्या जिलेबीसारखे स्वीकारावे लागते. म्हणून ‘पुन्हा नवा यंत्रमानव आणला’ या तक्रारीने परीक्षणात काहीच भर पडत नाही. जे येणारच होते, त्याच्या येण्याने माणसांमध्ये काय बदलले, हे पाहावे. त्यासाठी कागदाचे दोन भाग करून डावीकडे वेळापत्रकाने आणलेल्या गोष्टी आणि उजवीकडे त्यांमुळे पात्रांच्या नात्यांत पडलेला फरक लिहावा. उजवी बाजू कोरी राहत असेल, तर मालिका केवळ दुकानाची काच झाली आहे असे निःसंकोच म्हणावे.

२०२३ च्या ‘किंगओजर’वर ही पद्धत लावून पाहण्यासारखी आहे. येथे योद्धे हे निरनिराळ्या राज्यांचे राजे आहेत, आणि अनाथाश्रमात वाढलेला गिरा स्वतःला ‘दुष्ट राजा’ म्हणवत शुगोद्दाम या राज्याच्या सत्ताधीशाविरुद्ध उभा राहतो. सहावा येतो तो जेरामी, मानव आणि शत्रुवंश या दोन्हींचे रक्त अंगात असलेला, दोन हजार वर्षे जगलेला कथेकरी. पहिल्या भागापासून कानावर पडणारे निवेदन याच्याच आवाजात होते हे लक्षात आल्यावर मागचे सारे भाग निराळे दिसू लागतात. वेळापत्रकाला केवळ एक नवा योद्धा हवा होता, परंतु लेखकाने त्याच्या निमित्ताने ‘शत्रू नेमका कोण’ हा प्रश्न पाचही राजांपुढे आणून ठेवला. माझ्या मते पहिल्या अर्धवर्षातील हीच सर्वांत मोठी मिळकत आहे. सव्विसाव्या भागाला पहिले पर्व संपते आणि सत्ताविसावा भाग दोन वर्षे पुढे उडी घेतो. अशी उडी घेणाऱ्या मालिकेचे परीक्षण उडीच्या आधीच लिहून ठेवावे, कारण नंतर लिहिल्यास नव्या पर्वाचा उत्साह जुन्या त्रुटींवर पांघरूण घालतो.

त्रुटी म्हणजे काय, तेही दाखवून द्यावे. ‘किंगओजर’मधील राज्ये मोठ्या पडद्यांवर उमटवलेल्या संगणकीय पार्श्वभूमीपुढे चित्रित झाली आहेत. राजवाडे भव्य दिसतात, पण रस्त्यांवर पुरेशी प्रजा दिसत नाही, आणि ज्या कथेत राजा प्रजेसाठी जीव पणाला लावतो तिथे ही उणीव नुसत्या नेपथ्याची राहत नाही.

सहावा योद्धा चमूत सहज मिसळलाच पाहिजे, अशी अपेक्षा मात्र धरू नये. ‘ज्यूरेंजर’मधला बुराई हा नायकाचा थोरला भाऊ आधी वैरी म्हणून समोर आला, आणि मालिका संपण्यापूर्वीच मरण पावला. २०२२ च्या ‘डॉनब्रदर्स’मध्ये तर अर्धे वर्ष उलटले तरी चमूतील एका योद्ध्याचा खरा चेहरा इतरांना ठाऊक नव्हता. पन्नासही भाग एकट्या तोशिकी इनोउए यांनी लिहिलेल्या त्या मालिकेत हा सावळागोंधळ हेतुपुरस्सर रचलेला होता. ‘चमूची एकजूट दिसत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी लेखकाला एकजूट दाखवायची होती का, हे तपासणे परीक्षकाचे काम आहे.

लढाईविषयी लिहिताना आवाज बंद करून एक चकमक पुन्हा पाहावी. मुखवट्याआड बहुधा दुसराच कलावंत असतो आणि मूळ नट त्याला आवाज देतो, त्यामुळे एक पात्र दोन शरीरांत विभागलेले असते. चालण्याची ढब, मान वळवण्याची लकब आणि हल्ल्याआधीचा विराम यांवरून मुखवट्याआड कोणते पात्र आहे हे रंग न पाहताही ओळखता आले, तर दोघांनी एकमेकांचा अभ्यास केला आहे असे समजावे. दिग्दर्शक आलटून पालटून बदलत असल्याने एकाच फसलेल्या भागावरून सबंध मालिकेला दोष देऊ नये. श्रेयनामावली पाहून कोणाच्या हाताखाली विनोद खुलतो आणि कोणाच्या हाताखाली शोक, याची नोंद ठेवावी.

उरलेल्या भागांविषयी भाकिते करण्याऐवजी मालिकेने स्वतः उपस्थित करून अनुत्तरित ठेवलेले दोन-तीन प्रश्न परीक्षणाच्या शेवटी भाग क्रमांकासह नोंदवावेत, आणि ज्या वाचकांनी अजून मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कोणत्या भागापर्यंतची उकल लेखात आहे, ते पहिल्याच ओळीत सांगावे.