परदेशातली पहिली नोकरी: कंपनी जोखायची कशी?

नव्याने आलेली मंडळी बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतात: घर कुठे बघू आणि बँकेत खातं कसं उघडू. ही कामं महिन्याभरात उरकतात. पुढची काही वर्षं ज्यावर अवलंबून आहेत, तो प्रश्न मात्र राहून जातो. ही कंपनी माणसांना वागवते कशी?

मायदेशात नोकरी पटली नाही तर राजीनामा टाकून दोन महिने घरी बसता येतं. परदेशात अनेक ठिकाणी व्हिसाच कंपनीशी बांधलेला असतो. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली, तर नवी सोय लावायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर मुलांच्या शाळेसकट सगळं आवरायचं. तुमची ही अडचण कंपनीलाही पुरती ठाऊक असते. म्हणून मी कंपनी जोखताना एकच गोष्ट बघतो: इथली माणसं मनात आलं तर सोडून जाऊ शकतात का?

फोर्डचं उदाहरण जुनं आहे, पण चपखल आहे. 1913 मध्ये त्यांच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरती असेंब्ली लाइन आली आणि त्या कामाला कंटाळून कामगार भराभर सोडून जाऊ लागले. त्या वर्षीची गळती 370 टक्के होती, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं भरावी लागत. जानेवारी 1914 मध्ये कंपनीने पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली आणि रोजची कमाई दुपटीच्या आसपास नेऊन पाच डॉलर केली. माणसं टिकू लागली. पण त्यात एक मेख होती. ते पाच डॉलर पूर्ण मिळायचे तर कामगाराचं घरचं वागणंही कंपनीला पसंत पडावं लागे. तपासनीस घरी येऊन स्वच्छता, दारू, बचत सगळं बघून जात, आणि बाहेरदेशातून आलेल्यांना कंपनीच्या शाळेत इंग्रजी शिकायला जावं लागे. तेव्हा पगाराचा आकडा बघून वागणुकीचा अंदाज बांधू नका.

सही करण्याआधीच बरंच कळतं. नोकरी लावून देण्यासाठी एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. कामगाराकडून असं शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1997 च्या करारात घालून दिलं आहे. कर्ज काढून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून अडकलेला असतो. 'आमच्याकडे सुरक्षित राहील' म्हणत पासपोर्ट मागितला तर देऊ नका. नोंदीसाठी प्रत पुरते. कागदपत्रं अडकवून ठेवणं हे वेठबिगारीच्या लक्षणांत मोडतं, आणि ही यादीही त्याच संघटनेची आहे. गुळगुळीत ऑफिसांत हेच बॉण्डच्या रूपात येतं: दोन वर्षांत सोडलंत तर ट्रेनिंगचा आणि व्हिसाचा खर्च भरा. हे कलम सहीपूर्वी तिथल्या वकिलाला दाखवा. सगळ्याच देशांत ते टिकतं असं नाही.

रुजू झाल्यावर स्वागताच्या भाषणाकडे फार लक्ष देऊ नका. सोडून चाललेल्या माणसाशी लोक कसे बोलतात, आजारी रजेवरून आलेल्याला काय ऐकावं लागतं, साफसफाईवाल्यांना कोणी नावाने हाक मारतं का, हे बघा. जमल्यास आधी काम केलेल्या एखाद्याला गाठून विचारा, शेवटचा हिशेब वेळेवर झाला का?

'आपल्या माणसा'बद्दलही बोलतो, कुणाला राग आला तरी. मालक किंवा मॅनेजर आपल्याकडचा निघाला की आपण लगेच सैल होतो. पगारवाढ तोंडी, ओव्हरटाइम तोंडी, सुट्टी 'बघू रे, तू घरचाच आहेस'. त्याला आपल्या सवयी माहीत असतात: आपण नाही म्हणत नाही, तक्रार करायला लाजतो, घरी पैसे पाठवायचे असतात. अनेक जण फार चांगले असतात, नवख्याला हात देतात. तरीही जे ठरेल ते लेखी घ्या. खरा चांगला माणूस त्याला ना म्हणत नाही.

उशिरापर्यंत बसून निष्ठा दाखवायची खोड इथे सोडा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो. आपण किती तास काम केलं ते स्वतःच्या वहीत लिहीत जा.

करार, पे-स्लिपा, महत्त्वाच्या मेल यांच्या प्रती घरी ठेवा. नोकरी जाते त्या दिवशी ऑफिसचं खातं आधी बंद होतं. काही महिन्यांचा खर्च भागेल एवढे पैसे बाजूला पडेपर्यंत घरी पाठवायची रक्कम बेताची ठेवा. घरच्यांना आधीच सांगून टाका, म्हणजे गैरसमज होत नाहीत. युनियन असेल तर चौकशी करा. भारतीय पासपोर्ट असेल तर दूतावासाचा पत्ता आणि परराष्ट्र मंत्रालयाचं तक्रारींसाठीचं 'मदद' पोर्टल माहीत असू द्या.

आणि बदलायचं ठरलंच, तर व्हिसाची मुदत संपायच्या बरंच आधी शोधाला लागा. नव्या कंपनीचं पत्र आणि व्हिसा बदलाचे कागद हातात येईपर्यंत राजीनाम्याचा विषय ऑफिसात कुणाकडेच काढू नका, अगदी शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राकडेही.