झाडाची भूमिती: मोन्द्रियानच्या वाटेनं चार चित्रं

पीट मोन्द्रियान म्हटलं की लाल-पिवळे-निळे चौकोन आठवतात. पण हा डच चित्रकार तिथवर पोचला तो झाडं काढत काढत. ‘लाल झाड’ (१९०८-१०), ‘करडं झाड’ (१९११) आणि ‘बहरलेलं सफरचंदाचं झाड’ (१९१२) ही त्याची तिन्ही चित्रं हेगच्या कुन्स्टम्यूझियममध्ये आहेत. इंटरनेटवर ती शेजारीशेजारी लावून पाहा. याच वाटेनं आपण एका झाडाची चार चित्रं काढणार आहोत, आणि निम्मी कृती तिथंच कळते.

झाड निष्पर्ण हवं. हिवाळ्यातला देवचाफा उत्तम. वडाच्या नादी लागू नका, पारंब्यांत हरवाल. ए३ कागद, चारकोल, खोडरबर आणि तीन ट्रेसिंग पेपर घ्या. पट्टी घरीच ठेवा.

पहिलं चित्र जसं दिसतं तसं, झाडासमोर बसून काढा. खोडाचा कल मात्र नीट पकडा, शेवटपर्यंत तोच कामी येणार आहे.

त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून दुसरं चित्र काढा. एका फांदीला एकच कमान, हात न उचलता. बारीक डहाळ्या सोडून द्या.

खरी गंमत तिसऱ्यात. दुसऱ्यावर नवा ट्रेसिंग पेपर ठेवा. आता फांद्या विसरा आणि त्यांच्यामधल्या फटी बघा. ज्या कमानी एकमेकींना भिडत नाहीत त्या भिडेपर्यंत वाढवा, म्हणजे प्रत्येक फटीचा बंदिस्त आकार होईल. मग करड्याच्या तीन छटांनी हे आकार भरा. आपण सगळे इथंच चुकतो: फांद्या गडद करतो, आकाश कोरं सोडतो, आणि कागदावर पुन्हा साधं झाडच उरतं. मोन्द्रियाननं १९११ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पिकासो आणि ब्राक यांची क्युबिस्ट (वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवणारी) चित्रं पाहिली होती. त्याच्या करड्या झाडात फांद्यांमधलं आकाश फांद्यांइतकंच जाड रंगवलेलं आहे. तुमच्या फटींनाही तेवढंच वजन द्या, भले त्यात दोन तास जावोत.

चौथं चित्र तिसऱ्यावर शेवटचा ट्रेसिंग पेपर ठेवून काढा. त्यात खोड जवळजवळ पुसून टाका. मधल्या काही उभ्या-आडव्या रेषा आणि कमानी ठेवा, कडांकडे सगळं फिकट होऊ द्या. सफरचंदाच्या झाडात खोड असंच विरून गेलं आहे.

शेवटी हा कागद पहिल्या चित्रावर ठेवून उजेडात धरा. खोडाचा कल जुळत नसेल, तर झाड वाटेत कुठंतरी सुटलं आहे. दुसऱ्या चित्रापासून पुन्हा सुरुवात करा.