काँक्रीटमधल्या तड्यांचं सिम्युलेशन करताना या चुका टाळा

खाच घातलेल्या बीमचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, करून केलेला हिशेब) चालवलं. मेश (एलिमेंटचं जाळं) बारीक केली तसा पीक लोड (सर्वोच्च भार) उतरत गेला आणि पीकनंतरचा ग्राफ कड्यावरून कोसळल्यासारखा दिसू लागला. अशा वेळी बरेच जण सॉल्व्हरला, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, दोष देतात. दोष बहुधा मटेरियल कार्डात, म्हणजे काँक्रीटच्या गुणधर्मांच्या नोंदीत, असतो.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे ओढलं जातानाचं सॉफ्टनिंग (तडा पडू लागल्यावर बल घटत जाणं) ताण-विकृतीच्या (स्ट्रेस-स्ट्रेन) एकाच ठरावीक आलेखाने देणं. समजा तन्यबल (ओढ सहन करण्याचं बल) २.५ एमपीए (न्यूटन प्रति चौरस मिमी) आहे आणि विकृती ०.००१ झाली की ताण सरळ रेषेत शून्यावर येतो. म्हणजे दर घन मिमीमागे ०.००१२५ न्यूटन-मिमी ऊर्जा खर्च होते. तडा एका एलिमेंटच्या पट्ट्यात साठतो. त्यामुळे १०० मिमीच्या एलिमेंटला दर चौरस मिमी तड्यामागे ०.१२५ न्यूटन-मिमी लागतात, १० मिमीला ०.०१२५ आणि २ मिमीला फक्त ०.००२५. काँक्रीट तेच, पण तडा पडणं पन्नासपट स्वस्त! जाड मेशचं उत्तर प्रयोगाशी जुळतं आणि बारीक मेशचं जुळत नाही, ही गंमत इथूनच येते.

उपाय जुना आहे. हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सॉफ्टनिंग तड्याच्या रुंदीशी जोडलं, तर बाझांत आणि ओह यांनी १९८३ मध्ये क्रॅक बँड, म्हणजे तडा एका पट्ट्यात पसरलेला मानण्याची पद्धत, मांडली. भंजन-ऊर्जा (तड्याच्या दर क्षेत्रफळामागे लागणारी ऊर्जा) कायम ठेवायची आणि विकृती एलिमेंटच्या लांबीनुसार बदलायची. मात्र ही लांबी सॉफ्टवेअर बहुधा एलिमेंटच्या आकारमानावरून काढतं, त्यामुळे लांबट एलिमेंट दिले की हिशेब बिघडतो. तड्याच्या वाटेवर एलिमेंट समान बाजूंचेच ठेवा. तडा कर्णाच्या दिशेने जात असेल तर पट्टा सुमारे १.४ पट रुंद होतो, हेही ध्यानात असू द्या.

आकडे भरतानाही घोळ होतो. आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट मानकातलं ०.७ गुणिले ग्रेडचं (क्यूबच्या दाबबलाचा एमपीएमधला आकडा, एम३० ला ३०) वर्गमूळ हे वाकवण्यातलं बल आहे. एम३० साठी ते ३.८३ एमपीए येतं. थेट ओढीचं बल म्हणून तोच आकडा टाकू नका. मॉडेल कोड या आंतरराष्ट्रीय काँक्रीट संहितेची सूत्रं सिलिंडरच्या बलावर चालतात आणि आपला ग्रेड क्यूबचा असतो. एम३० म्हणजे सिलिंडरला साधारण २४ एमपीए. त्यावरून तन्यबल सुमारे २.५ एमपीए आणि भंजन-ऊर्जा मीटरमागे सुमारे १३६ न्यूटन येते. न्यूटन-मिमीच्या मॉडेलमध्ये ती ०.१३६ होते. १३६ तसंच टाकलं तर बीम रबरासारखा वाकतो, तडा पुढे सरकतच नाही.

एलिमेंट किती मोठं चालेल यालाही मर्यादा आहे. घातांकी सॉफ्टनिंगमध्ये एलिमेंटची लांबी ई (लवचिकता गुणांक) गुणिले भंजन-ऊर्जा भागिले तन्यबलाचा वर्ग यापेक्षा मोठी नको. ई २७,४०० एमपीए धरल्यास ही मर्यादा वरच्या आकड्यांवर ६०० मिमीच्या आसपास येते. सरळ रेषेच्या सॉफ्टनिंगला तिच्या दुप्पट. धरणाच्या मॉडेलमध्ये ती सहज ओलांडली जाते.

खडी आणि मॉर्टर वेगळे दाखवणाऱ्या मॉडेलमध्ये मॉर्टरला काँक्रीटची भंजन-ऊर्जा देऊ नका. तडा खडीला वळसा घालतो तेव्हा वाढणारा खर्च मॉडेल स्वतःच दाखवतं, मग तो दोनदा मोजला जातो. खडीभोवतीचा कमकुवत थर साधारण २० ते ५० मायक्रोमीटरचा असतो. त्याला मेशमध्ये जाडी द्यायची गरज नाही, दोन एलिमेंटच्या सांध्यावर बसणारे शून्य जाडीचे इंटरफेस एलिमेंट पुरतात. त्यांची पेनल्टी स्टिफनेस (तडा पडण्याआधी सांधा घट्ट धरणारी कृत्रिम ताठरता) मात्र तपासा. २ मिमी मेशमध्ये सगळ्या कडांवर इंटरफेस घालून घन मिमीमागे १०^५ न्यूटन ठेवले तर एकूण ई सुमारे १२ टक्क्यांनी घसरतो, १०^६ ठेवले तर जेमतेम दीड टक्का. त्याच्या खूप वर गेलात तर ताण खालीवर नाचू लागतात.

सॉल्व्हर अडला की टॉलरन्स (चालवून घेण्याजोगी चूक) सैल करणं किंवा व्हिस्कॉसिटी (हिशेब स्थिर ठेवणारा कृत्रिम चिकटपणा) वाढवणं ही पळवाट झाली. लोड कंट्रोल (भार टप्प्याटप्प्याने वाढवणं) सोडा आणि त्याऐवजी खाचेच्या तोंडाची उघडीप टप्प्याटप्प्याने वाढवा. व्हिस्कॉसिटी ठेवलीच तर ती दहापट कमी करून पुन्हा चालवा. पीक हलला, तर आधीचं उत्तर टाकून द्या.

शेवटी एक हिशेब हाताने करा. १०० बाय १०० मिमीचा बीम, ५० मिमी खाच, उरलेलं क्षेत्र ५००० चौरस मिमी. गुणिले ०.१३६ म्हणजे ६८० न्यूटन-मिमी. बीम पूर्ण तुटेपर्यंतच्या लोड-डिस्प्लेसमेंट ग्राफखालचं क्षेत्रफळ याच्या जवळ यायला हवं. स्ववजन मॉडेलमध्ये असेल तर त्याचं कामही धरा. क्षेत्रफळ बरंच जास्त आलं, तर आधारांपाशी चिरडलेले एलिमेंट शोधा. तिथे इलॅस्टिक प्लेट ठेवायची राहिलेली असते.