मिलानचे सान सिरो स्टेडियम कसे पाहावे

मेट्रोच्या एम ५ मार्गिकेवरील ‘सान सिरो स्तादिओ’ स्थानकावर उतरल्यावर लगेच आत न जाता आधी स्टेडियमभोवती एक पूर्ण फेरी मारावी. ही फेरी शक्यतो सामना नसलेल्या दिवशी घ्यावी, कारण गर्दीत इमारत दिसतच नाही.

१९२६ साली, ए. सी. मिलान या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष पिएरो पिरेल्ली यांच्या पुढाकाराने बांधलेले मूळ मैदान चार सुट्या प्रेक्षागारांचे होते आणि त्यात धावपटूंसाठीची धावपट्टी नव्हती. १९३५ मध्ये ते नगरपालिकेने विकत घेतले. शहरातील दुसरा फुटबॉल क्लब इंटर १९४७ पासून येथे खेळू लागला. १९८० पासून स्टेडियमला फुटबॉलपटू जुझेप्पे मेआझ्झा यांचे नाव आहे.

बाहेरून दिसणारे आडवे तिरके पट्टे मात्र १९५५ चे. एखाद्या पट्ट्यावर नजर ठेवून चालत राहावे, म्हणजे तो हळूहळू वर चढत जातो हे लक्षात येते. ही सजावट नसून दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या प्रेक्षकांचा चढणीचा रस्ता आहे.

त्यानंतर काँक्रीटचे गोल मनोरे मोजावेत. ते ११ भरतात. १९९० च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला चढवताना त्याचा भार जुन्या बांधकामावर न टाकता या मनोऱ्यांवर पेलला गेला आणि कोपऱ्यांतील चार उंच मनोऱ्यांवर छताच्या लाल तुळया टेकवल्या गेल्या. आत गेल्यावर हिरवळही निरखावी: या छतामुळे ऊन व वारा अडून गवत वारंवार खराब होऊ लागले, म्हणून २०१२ मध्ये तेथे कृत्रिम धागे मिसळलेले गवत आले.