पियानोची रचना आपल्याला किती जड जाईल, हे कसं ताडावं

रचना सोप्या-अवघड लावलेल्या तयार क्रमवारीवर फार विसंबू नका. ती लावणाऱ्याचा हात तुमचा नसतो. संगीतकार शोपँच्या ओपस १० (रचनासंच क्रमांक) मधल्या पहिल्या एत्यूदमध्ये (तंत्राच्या सरावासाठीची रचना) उजवा हात सतत सप्तकापलीकडे ताणावा लागतो. दुसऱ्यात अंगठा-तर्जनी कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे स्वर) वाजवतात आणि उरलेली तीन दुबळी बोटं अर्धस्वरांवरून धावतात. कुणाला पहिलं जड, कुणाला दुसरं.

रचनेतले सर्वांत दाट चार बार (स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेले भाग) निवडा. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) निम्म्या लयीवर ठेवून आधी एकेक हात, मग दोन्ही वाजवा. तेव्हाही मनगट आखडलं, तर अडचण बहुधा ताणाची. आधी बोटांची मांडणी बदलून पाहा. हात मोकळा असून स्वर चुकत असतील, तर स्वरलिपीचं वाचन कच्चं. आणि मोझार्टची के. ५४५ (त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) सोनाटा विरळ दिसते म्हणून सोपी समजू नका: तिथे एकही असमान स्वर लपत नाही.